१११ मृत्यू, १२ गाणी

२ ऑक्टोबर १९९२, शुक्रवार. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरातल्या कारांदिरू तुरुंगात, ९ क्रमांकाच्या इमारतीत, दुपारी दोन कैद्यांची जुंपली. बघता बघता भांडण सगळ्या मजल्यांवर पसरलं आणि पहारेकरी मागे हटले. या एका इमारतीत दोन हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती. बहुतेक जण पहिल्यांदाच तुरुंगात आलेले, आणि कितीतरी जणांच्या खटल्याचा निकालही लागलेला नव्हता. मग मिलिटरी पोलिसांच्या तुकड्या आत शिरल्या. त्यांच्या नावात ‘मिलिटरी’ असलं तरी ते राज्य सरकारच्या हाताखालचं, रस्त्यावर गस्त घालणारं पोलिस दल आहे. ते बाहेर पडले तेव्हा १११ कैदी मेलेले होते. त्यातले १०२ गोळ्या लागून मेले. एकही पोलिस दगावला नाही.

दुसऱ्या दिवशी शहरात महापालिकेच्या निवडणुका होत्या. सुरुवातीला सरकारी तोंडातून आठच मृत्यूंचा आकडा बाहेर पडला. १११ हा आकडा लोकांना कळला तो मतदान संपत आल्यावर.

पुढच्या वर्षी, १९९३ साली, सेपुल्तुरा नावाच्या ब्राझिली हेवी मेटल बँडचा ‘केऑस ए.डी.’ हा आल्बम आला. त्यातलं दहावं गाणं या हत्याकांडावर आहे. पाचवं गाणं जमिनीवरून हुसकलेल्या कायोवा आदिवासींसाठी आहे. बाकीच्या गाण्यांत सेन्सॉरशिप आहे, सीमेवरून होणाऱ्या लढाया आहेत, अफवांचं राजकारण आहे, जैवतंत्रज्ञानाचा धंदा आहे, बेघर फिरणारी माणसं आहेत. एकूण १२ गाणी. युद्धाबद्दल आणि अन्यायाबद्दल हेवी मेटलवाले त्याआधीही गात होते. ‘केऑस ए.डी.’चं वेगळेपण असं की या बँडनं आपल्या रागाला पत्ता दिला. कुठे, कधी, कुणावर, हे सांगायला सुरुवात केली आणि तसं करताना त्यांचं संगीतसुद्धा मुळापासून बदललं.

सेपुल्तुराची सुरुवात बेलो होरिझोंते शहरातली. हे मिनास जेराइस राज्याच्या राजधानीचं शहर, आखून बांधलेलं आणि १८९७ साली सुरू झालेलं. राज्याच्या नावातच खाणी आहेत. अठराव्या शतकात इथलं सोनं लिस्बनला जायचं, त्याच पोर्तुगीज राजवटीकडे जिच्या ताब्यात तेव्हा आपला गोवा होता. सोनं संपलं, पुढे लोखंडाच्या खाणी आल्या. या शहरातल्या सांता तेरेझा भागाला संगीताचा मोठा वारसा आहे. मिल्टन नासिमेंतो आणि लो बोर्जेस यांचा १९७२ सालचा ‘क्लूब दा एस्किना’ हा आल्बम ज्या मित्रमंडळींतून जन्मला, तिचा अड्डा याच भागातला. त्याच गल्ल्यांमध्ये बारा वर्षांनी मॅक्स आणि इगोर काव्हालेरा हे दोघे भाऊ मित्रांना जमवून कानठळ्या बसवणारी गिटार वाजवू लागले. वडील इटालियन वकिलातीत नोकरीला होते. ते अचानक वारले आणि सुस्थितीतलं घर हलाखीत आलं. १९८४ साली बँड उभा राहिला तेव्हा मॅक्स पंधरा वर्षांच्या आसपास होता, इगोर त्याच्याहून वर्षभरानं लहान. बँडचं नाव मॅक्सला मोटरहेड या बँडच्या एका गाण्याचं पोर्तुगीजमध्ये भाषांतर करताना सापडलं. सेपुल्तुरा म्हणजे थडगं.

ही पोरं जन्मली तीच लष्करी राजवटीत. १९६४ च्या बंडानंतर सैन्यानं सत्ता बळकावली होती. १३ डिसेंबर १९६८ च्या फर्मानानं उरलंसुरलं स्वातंत्र्यही गेलं. काएतानो व्हेलोझो आणि जिल्बेर्तो जिल या गायकांना आधी अटक झाली आणि मग देश सोडून लंडनला जावं लागलं. गाण्याचे शब्द आधी सेन्सॉरच्या टेबलावर जायचे. जानेवारी १९८५ मध्ये रिओ द जानेरोत ‘रॉक इन रिओ’ हा दहा दिवसांचा महोत्सव भरला. क्वीन, आयर्न मेडन, एसी/डीसी, ऑझी ऑसबर्न असे बडे कलाकार पहिल्यांदाच एका दमात ब्राझीलमध्ये आले. महोत्सव ऐन रंगात असताना, १५ जानेवारीला, मिनास जेराइसचेच तांक्रेदो नेव्हिस हे राष्ट्राध्यक्षपदावर निवडून आले. एकवीस वर्षांनी देशाला लष्कराबाहेरचा राष्ट्राध्यक्ष मिळत होता. पण शपथविधीच्या आदल्या दिवशी ते आजारी पडले आणि २१ एप्रिलला वारले. लोकशाही आली ती अशी, अर्ध्या आनंदात.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सेपुल्तुरानं पहिलं रेकॉर्डिंग केलं. काम दोन दिवसांत उरकलं. बेलो होरिझोंतेमध्ये कोगुमेलो नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. परदेशी मेटलच्या रेकॉर्ड शोधत शहरभरची पोरं तिथे घुटमळायची. त्याच दुकानदारांनी स्वतःचं लेबल काढून ही रेकॉर्ड बाजारात आणली. एका बाजूला सेपुल्तुरा, दुसऱ्या बाजूला त्याच शहरातला ओव्हरडोस हा बँड. सेपुल्तुराच्या बाजूला सैतान, नरक, प्रेतं असं सगळं होतं. वेनम, हेलहॅमर यांच्यासारख्या युरोपातल्या बँडांचं ऐकून उचललेलं ते साहित्य होतं. शब्द इंग्रजी, तेही शब्दकोश पुढ्यात ठेवून जुळवलेले. त्या आवाजात चीड खरी होती. पण ती कुणावर आहे हे पोरांना अजून सांगता येत नव्हतं.

हेवी मेटलचा समाजाशी संबंध मात्र जन्मापासूनचा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीत ब्लॅक सॅबथ घडला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात तुटली होती. १९७० सालच्या ‘पॅरनॉइड’ या त्यांच्या आल्बमचं पहिलंच गाणं युद्ध पेटवणाऱ्या राजकारण्यांवर आहे. १९८८ मध्ये मेटॅलिकानं न्यायव्यवस्था विकली जाण्यावर अख्खा आल्बम उभा केला. ब्राझीलमध्येही साओ पाउलोच्या रातोस दे पोराँव या पंक बँडनं १९८४ सालीच ‘क्रुसिफिकादोस पेलो सिस्तेमा’ या आल्बमात, अस्सल पोर्तुगीजमध्ये, व्यवस्थेचे वाभाडे काढले होते. सेपुल्तुरा या वाटेवर उशिरा आला. आला तो मात्र सगळ्या जगाच्या कानावर पडेल इतक्या मोठ्या आवाजात.

१९८७ मध्ये आंद्रेयास किसर हा साओ पाउलोचा गिटारवादक बँडमध्ये आला आणि वाजवण्याला धार चढली. १९८९ चा ‘बिनीथ द रिमेन्स’ आणि १९९१ चा ‘अराइज’ या आल्बमांनी बँडला युरोप-अमेरिकेत नेलं. सैतान मागे पडला. युद्ध, हिंसा, माणसाचं एकटेपण हे विषय आले. तरी ही गाणी अजून कुठल्याही देशाची असू शकली असती. त्यात ब्राझील नव्हता.

ब्राझीलची ओढ लागली ती लांब गेल्यावर. मॅक्सचा मुक्काम अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये हलला. परदेशातल्या मुलाखतींत जो तो त्यांना त्यांच्या देशाबद्दल विचारायचा, आणि तिकडून येणाऱ्या बातम्या एकाहून एक वाईट होत्या. १९९० मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो कोलोर यांनी महागाई रोखायच्या नावाखाली लोकांच्या बँकांमधल्या ठेवी गोठवल्या. २९ सप्टेंबर १९९२ रोजी, कारांदिरूच्या तीन दिवस आधी, भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं त्यांच्यावर महाभियोग चालवायला मंजुरी दिली. १९९३ साली महागाईचा वार्षिक दर २,४०० टक्क्यांच्या पुढे होता. सकाळची किंमत संध्याकाळी राहत नव्हती. त्याच वर्षी २३ जुलैच्या रात्री रिओमधल्या कांदेलारिया चर्चजवळ रस्त्यावर झोपणाऱ्या आठ मुला-तरुणांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि ऑगस्टअखेर व्हिगारियो जेराल या वस्तीत २१ माणसं मारली गेली. दोन्ही ठिकाणी मारेकऱ्यांत पोलिस होते.

सेपुल्तुरानं स्वतःही एक धक्का खाल्ला होता. मे १९९१ मध्ये साओ पाउलोच्या पाकाएम्बू स्टेडियमसमोरच्या चौकात त्यांनी फुकट मैफल केली. हजारो पोरं लोटली. त्या गर्दीत एका तरुणाचा खून झाला आणि वर्तमानपत्रांनी मेटल ऐकणाऱ्या सगळ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आपल्याबद्दल चुकीचं लिहिलं जातं तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना तिथे कळलं. ‘केऑस ए.डी.’मध्ये ‘प्रोपगँडा’ नावाचं एक गाणं आहे आणि त्यातली चरफड उसनी वाटत नाही.

आल्बमचं रेकॉर्डिंग ब्राझीलमध्येही झालं नाही आणि अमेरिकेतही नाही. ते झालं वेल्समध्ये, मॉनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत. मुळात हा शेतमळा; गोठ्यांचे आणि कोठारांचे स्टुडिओ केलेले. कलावंतांनी तिथेच राहायचं आणि तिथेच वाजवायचं. निर्माता होता अँडी वॉलेस. निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’चं मिक्सिंग त्याचं, आणि स्लेअरच्या ‘रेन इन ब्लड’च्या ध्वनिमुद्रणावरही त्याचाच हात. वाद्यं वेगळी, ठसठशीत ऐकू यावीत ही त्याची खासियत. ‘अराइज’पर्यंत सेपुल्तुराची गाणी सुसाट धावायची. इथे त्यांनी वेग उतरवला. गिटारच्या ओळी आखूड आणि जाड झाल्या. मधल्या मोकळ्या जागा वाढल्या आणि त्या जागांमध्ये ढोल शिरले.

पहिलं गाणं ‘रिफ्यूज/रेझिस्ट’ हेच ऐकावं. सुरुवातीला ऐकू येतात छातीचे ठोके, जरा घाईचे, पाण्याआडून आल्यासारखे. मॅक्सच्या मुलाचे, झायनचे, तो आईच्या पोटात असताना टिपलेले हे ठोके. (झायन काव्हालेरा पुढे वडिलांच्याच सोलफ्लाय या बँडचा ड्रमवादक झाला.) ठोके विरतात आणि इगोरचा ड्रम सुरू होतो. इथे तो रॉकमधल्या नेहमीच्या ठेक्यावर जात नाही. झांजा जवळजवळ सोडूनच देतो आणि मोठ्या, खोल आवाजाच्या टॉमवर एक गोल फिरणारी चाल धरतो. कार्निव्हलच्या सांबा पथकात ‘सुर्दो’ नावाचे मोठे ढोल जमिनीला हादरे देत चालतात आणि त्यांच्यावर ‘काइशा’ या छोट्या ढोलांची कडकड चालते. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाच्या ठोक्यावर ताशा तडतडतो, तशी ही विभागणी. इगोरनं ती एकट्याच्या दोन हातांत आणि दोन पायांत आणली. मग त्या चालीवर गिटार येते; ढोलाशी झटापट न करता ती त्याच्या पावलावर पाऊल टाकते. त्या ठेक्यावर अख्खा जमाव एकत्र पाय आपटू शकतो. नकार द्या, अडून राहा, असं सांगणाऱ्या गाण्याला हीच चाल हवी होती. सुसाट वेगात माणूस एकटाच डोकं हलवतो. या लयीत शंभर जण एकदम हलतात.

ब्राझीलमध्ये ढोल आणि निषेध यांची गाठ आधीच पडलेली होती. साल्वादोर शहरातलं ओलोदुम हे पथक १९७९ साली पेलोरिन्यो या जुन्या वस्तीत सुरू झालं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा स्वाभिमान हा त्याच्या वाजवण्याचा गाभा होता. १९९० साली पॉल सायमनच्या आल्बममधून ते ढोल जगभर पोहोचले. मेटलच्या पोरांनी मात्र तोवर सांबाकडे पाठ फिरवलेली होती. सांबा म्हणजे पर्यटकांसाठीचा ब्राझील, टीव्हीवरचा ब्राझील, असं त्यांना वाटायचं. ‘केऑस ए.डी.’नं त्यांना सांगितलं की त्या ढोलात राग मावतो.

गाण्यांचे विषय एका देशापुरते नाहीत, पण प्रत्येकाला नेमकं ठिकाण आहे. ‘टेरिटरी’ जमिनीच्या मालकीवरून पेटणाऱ्या युद्धावर आहे. त्याचा व्हिडिओ इस्रायलमध्ये चित्रित झाला. ‘आमेन’मागे अमेरिकेतल्या वेको गावचा वेढा आहे: १९९३ च्या फेब्रुवारीपासून ५१ दिवस सरकारी यंत्रणा एका धार्मिक पंथाच्या वस्तीला वेढून बसली आणि १९ एप्रिलला सगळं आगीत संपलं, लहान मुलांसकट. ‘स्लेव्ह न्यू वर्ल्ड’ बायोहजार्ड या बँडच्या इव्हान साइनफेल्डबरोबर लिहिलेलं, माणसांच्या मनावरच्या पहाऱ्याबद्दलचं. ‘बायोटेक इज गॉडझिला’चे शब्द डेड केनेडीज या पंक बँडच्या जेलो बियाफ्राचे, जून १९९२ मध्ये रिओत भरलेल्या वसुंधरा परिषदेपासून ते सुरू होतं. न्यू मॉडेल आर्मी या इंग्लिश बँडचं ‘द हंट’ही त्यात आहे. ब्राझीलमधल्या आवृत्तीत आणखी एक भर होती, तितान्स या बँडचं १९८६ सालचं ‘पोलिसिया’. ते पोर्तुगीजमध्ये, आणि विषय पोलिसांचाच.

आल्बमचं काळीज मात्र दोन गाण्यांत आहे.

‘मॅनिफेस्ट’मध्ये मॅक्स सुरुवातीला गात नाही. रेडिओवरच्या खरखरीसारख्या आवाजात तो बातमी देतो: तारीख, जागा, तुरुंगाचं नाव, मेलेल्यांचा अंदाज. त्याच्या आवाजामागे वाद्यं धुमसत राहतात. हत्याकांडावर गाणं करताना रडणं किंवा शिव्याशाप देणं सोपं होतं. त्याऐवजी त्यानं तपशील सांगितला. सरकारनं ज्या आकड्याला एक दिवस दडवलं, त्याची बातमी त्यानं रेकॉर्डवर कोरून ठेवली. जर्मनीतल्या, जपानमधल्या, अमेरिकेतल्या मुलांनी ‘कारांदिरू’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते या गाण्यात.

या विषयावर बोलणारा सेपुल्तुरा एकटा नव्हता. त्याच १९९३ साली, कधीकाळी हद्दपार झालेल्या काएतानो आणि जिल यांनी ‘हैती’ नावाचं संथ, बोलल्यासारखं गाणं केलं आणि त्यात त्या १११ जणांचा उल्लेख आणला. मेलेले बहुतेक काळे किंवा काळ्यांइतके गरीब होते, हे त्यांनी दाखवून दिलं. १९९७ मध्ये रासिओनाइस एमसीज या साओ पाउलोच्या रॅप गटानं त्या तुरुंगात राहिलेल्या एका कैद्याबरोबर लिहिलेलं गाणं काढलं. त्यात त्या दिवसाची गोष्ट कोठडीच्या आतून येते. १९९९ मध्ये तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. द्राउझियो व्हारेला यांचं पुस्तक आलं, २००३ मध्ये त्यावर हेक्टर बाबेंको यांचा चित्रपट. बुजुर्ग गायकांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं, रॅपवाल्यांनी आतला माणूस बोलता केला. सेपुल्तुराच्या वाट्याचं काम वेगळं होतं: देशात बातमी शिळी व्हायच्या आत ती बाहेर पोहोचवणं.

न्यायालयाची गाडी मात्र अडखळतच राहिली. कारवाईचं नेतृत्व करणाऱ्या कर्नलला २००१ मध्ये ६३२ वर्षांची शिक्षा झाली; २००६ मध्ये ती रद्द झाली. २०१३ आणि २०१४ च्या खटल्यांत सत्तरहून अधिक पोलिसांना शिक्षा झाल्या, २०१६ मध्ये त्याही रद्द झाल्या. वरच्या न्यायालयात त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तर डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी पद सोडण्याच्या तोंडावर या पोलिसांना माफी जाहीर केली. तुरुंगाच्या काही इमारती २००२ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आल्या. तिथे आज बाग आणि वाचनालय आहे.

दुसरं गाणं ‘कायोवास’. यात शब्दच नाहीत आणि वीजही नाही: साध्या गिटारी आणि ढोल. रॉकफील्डपासून जवळच, वाय नदीच्या काठावर चेपस्टोचा किल्ला आहे, १०६७ साली बांधायला घेतलेला, दगडी. बँडनं वाद्यं तिथे नेली आणि उघड्यावर, एका दमात हे गाणं वाजवलं. किल्ल्याच्या भिंतींवरून परतणारा आवाज त्यात आहे. लय एकसारखी फिरत राहते, हळूहळू चढत जाते. नऊशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांची भूमी काबीज करण्यासाठी नॉर्मन सरदारांनी उभारलेल्या किल्ल्यात, भूमी गमावलेल्या माणसांसाठीचं संगीत वाजलं.

आल्बमबरोबरच्या टिपणात बँडनं लिहिलं की कायोवा ही पर्जन्यवनात राहणारी जमात आहे आणि सरकार जमीन हिसकावत असल्याच्या निषेधार्थ तिनं सामूहिक आत्महत्या केली. भावना सच्ची होती, माहिती अपुरी. ग्वारानी-कायोवा लोक राहतात ते अ‍ॅमेझॉनमध्ये नव्हे, तर पॅराग्वेच्या सीमेलगतच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात. १९१५ ते १९२८ या काळात सरकारी आदिवासी खात्यानं त्यांच्यासाठी आठ छोटी राखीव क्षेत्रं आखली आणि विखुरलेल्या वस्त्या तिथे ढकलल्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर गुरांची कुरणं आली, मग सोयाबीन, मग ऊस. दोरादोसचं राखीव क्षेत्र सुमारे साडेतीन हजार हेक्टरांचं आहे, आणि तिथे दहा हजारांहून जास्त माणसं दाटीवाटीनं राहतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे आत्महत्या वाढत गेल्या, विशेषतः कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या. ठरवून केलेला एकच निषेध असा तो नव्हता. जमीन, जंगल आणि रोजगार गेलेल्या समाजात वर्षामागून वर्ष, एकेका घरात घडत गेलेली ती शोकांतिका होती. निषेध करणारे कायोवा वेगळे, आणि ते जिवंत होते. त्यांचे नेते मार्साल दे सोउझा यांनी १९८० मध्ये मनाउस इथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर उभं राहून आपल्या लोकांचं गाऱ्हाणं मांडलं होतं. २५ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांचा खून झाला.

हा गैरसमज एकट्या सेपुल्तुराचा नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये पिएलितो कुए इथल्या कायोवांना न्यायालयानं जागा सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून कळवलं की आम्ही इथून हलणार नाही, हवं तर आम्हाला मारून इथेच पुरा. लोकांनी त्याचा अर्थ सामूहिक आत्महत्येची धमकी असा लावला. फेसबुकवर हजारो ब्राझिली नागरिकांनी पाठिंबा म्हणून आपल्या नावापुढे ‘ग्वारानी-कायोवा’ लावलं. सहानुभूतीचा पूर आला, पण त्यातही ते मरायला निघालेले लोक ठरले. लढायला उभे राहिलेले लोक म्हणून त्यांच्याकडे थोड्यांनीच पाहिलं. दूरवरून केलेल्या कैवारात हा धोका कायम असतो, आणि ‘कायोवास’च्या टिपणात तो उघड दिसतो. गाण्याला शब्द नाहीत हे त्यामुळे एका अर्थानं बरंच झालं. टिपण जुनं झालं, संगीताला चूक चिकटली नाही.

बँडला आपली ही उणीव जाणवली असावी, असं पुढच्या पावलावरून वाटतं. १९९५ च्या अखेरीस चौघे जण मातो ग्रोसोमधल्या पिमेंतेल बार्बोसा या गावी, शावांते आदिवासींकडे गेले. यावेळी त्यांनी लांबून गाणं लिहिलं नाही. गावात राहिले, शावांतेंबरोबर वाजवलं आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं गायन ध्वनिमुद्रित केलं. १९९६ च्या ‘रूट्स’ या आल्बमात ते ‘इत्सारी’ या नावानं आहे. शावांतेंना टेप रेकॉर्डरची ताकद वेगळी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्यातले मारियो जुरूना सत्तरच्या दशकात राजधानी ब्राझिलियाच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये टेप रेकॉर्डर खांद्याला लावून जायचे आणि अधिकाऱ्यांची आश्वासनं टिपून ठेवायचे, कारण गोरा माणूस दिलेला शब्द विसरतो असा त्यांचा अनुभव होता. १९८२ मध्ये ते संसदेवर निवडून आले. ब्राझीलच्या संसदेत पोहोचलेले ते पहिले आदिवासी खासदार. ‘रूट्स’मध्ये साल्वादोरचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन आहे, पोर्तुगीज शब्द आहेत, १९६४ च्या बंडावर गाणं आहे, आणि २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी गावी मारल्या गेलेल्या रबरमजुरांच्या नेत्याची, चिको मेंदेस यांची आठवण आहे.

‘रूट्स’ अधिक गाजला, ढोल अधिक वाजले, म्हणून बरेच जण त्यालाच सेपुल्तुराचं शिखर मानतात. पण त्या आल्बमाकडे नेणारा रस्ता ‘केऑस ए.डी.’नं बांधला. आधी तुरुंगाचं नाव घेतलं, मग जमातीचं, मग तिच्या गावी जाऊन बसायची तयारी झाली. ‘केऑस ए.डी.’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत चढला. लॅटिन अमेरिकेतल्या मेटल बँडनं आपल्याच देशातल्या घटना गाऊन एवढी मजल मारणं तोवर अशक्य मानलं जात होतं. न्यू यॉर्क किंवा लंडनसारखं वाजवलं तरच तिकडे ऐकतील, असा तिसऱ्या जगातल्या रॉक वाजवणाऱ्या पोरांचा समज होता. तो या आल्बमनं खोटा पाडला.

‘रूट्स’च्याच वर्षी बँड फुटला. डिसेंबर १९९६ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतल्या मैफलीनंतर मॅक्स बाहेर पडला. दहा वर्षांनी इगोरही गेला. किसर आणि बासवादक पाउलो ज्युनियर यांनी नवे साथीदार घेऊन नाव चालू ठेवलं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा काढला आणि त्याचा आरंभ बेलो होरिझोंतेमध्येच केला.

कायोवांच्या जमिनीचा प्रश्न मात्र निरोप घेत नाही. लष्करशाहीनंतरची राज्यघटना ५ ऑक्टोबर १९८८ रोजी जाहीर झाली. तिच्या २३१ व्या कलमानं आदिवासींचा त्यांच्या परंपरागत भूमीवरचा हक्क मान्य केला, आणि त्याच घटनेच्या संक्रमणकालीन तरतुदींनी त्या जमिनींच्या हद्दी पाच वर्षांत आखून द्यायचं बंधन सरकारवर घातलं. ती मुदत संपली ५ ऑक्टोबर १९९३ ला, म्हणजे ‘केऑस ए.डी.’ आला त्याच वर्षी. पुढे जमीनदारांच्या गटानं मागणी रेटली की १९८८ मध्ये राज्यघटना जाहीर झाली त्या दिवशी जे आदिवासी प्रत्यक्ष जमिनीवर होते, त्यांचाच दावा धरावा. आधीच हुसकले गेलेल्या कायोवांच्या बहुतेक वस्त्या या एका अटीनं बाद होतात. सर्वोच्च न्यायालयानं २१ सप्टेंबर २०२३ रोजी ही अट फेटाळली. त्यानंतर तीन महिने उलटायच्या आत संसदेनं ती कायद्यात घातली आणि राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकारही मतदानानं उलटवला. त्या कायद्याविरुद्धचे अर्ज घेऊन आदिवासी संघटना पुन्हा न्यायालयात गेल्या.